मीटिअर टी.७ : एका इंजिनावर उतरण्याचा सराव आणि त्याने घेतलेले बळी

उत्तरायण (धागालेखक)

ब्रिटिश हवाई दलाच्या मीटिअर या जेट विमानाविषयी वाचताना एक गोष्ट वारंवार समोर येते आणि ती पचायला जड जाते. हवेत खरोखरच एक इंजिन बंद पडल्यामुळे जेवढे वैमानिक दगावले, त्यापेक्षा जास्त वैमानिक एक इंजिन मुद्दाम बंद ठेवून उतरण्याचा सराव करताना दगावले, असे ती विमाने उडवलेली मंडळी वर्षानुवर्षे सांगत आली आहेत. शत्रू समोर नाही, हवा स्वच्छ आहे, विमान धडधाकट आहे, मागच्या आसनावर प्रशिक्षक बसलेला आहे, आणि तरीही धावपट्टी हाकेच्या अंतरावर असताना विमान उलटे होऊन जमिनीत घुसते. असे एकदा झाले असते तर दुर्दैव म्हणून सोडून देता आले असते, पण युद्धोत्तर दशकात ते पुन्हा पुन्हा घडत राहिले.

आधी विमानाची थोडी ओळख करून देतो. मीटिअरचे पहिले उड्डाण ५ मार्च १९४३ रोजी झाले आणि जुलै १९४४ मध्ये ते ६१६ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये दाखल झाले. ब्रिटनचे हे पहिले जेट लढाऊ विमान. त्या वेळी एकेका जेट इंजिनाचा रेटा इतका बेताचा होता की जॉर्ज कार्टर या आरेखनकाराला दोन इंजिने बसवण्यावाचून गत्यंतर नव्हते, आणि ती त्याने दोन्ही पंखांमध्ये, धडापासून बरीच दूर बसवली. दोन्ही इंजिने चालू असेपर्यंत या रचनेत काहीच खोट नव्हती. एक थांबले की मात्र सगळा हिशोब बदलत असे.

आश्चर्य वाटेल, पण सुरुवातीची चार वर्षे या विमानाची दोन आसनी आवृत्तीच नव्हती. दोन इंजिनांच्या विमानाचा अंदाज यावा म्हणून नव्या वैमानिकाला ऑक्सफर्डसारख्या पंख्याच्या विमानावर काही फेऱ्या मारायला लावत, मीटिअरच्या कॉकपिटमध्ये बसवून कळा आणि घड्याळे समजावून सांगत, आणि मग तो एकटाच उडत असे. दोन आसनी टी.७ चे पहिले उड्डाण मार्च १९४८ मध्ये झाले. तिचे नाक लांबवून दुसरे आसन बसवले होते आणि वरचे छत जाड पट्ट्यांच्या चौकटीचे होते, त्यामुळे मागच्या प्रशिक्षकाला पुढचे दृश्य धड दिसत नसे. या आवृत्तीत फेकासन, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारे आसन, नव्हते. १९४८ मध्येच उडालेल्या एकआसनी एफ.८ मध्ये मार्टिन-बेकर कंपनीचे फेकासन आले, पण शिकणारा आणि शिकवणारा यांच्या वाट्याला ते कधीच आले नाही.

१९५० मध्ये कोरियाचे युद्ध पेटले आणि ब्रिटनने हवाई दलाचा विस्तार झपाट्याने सुरू केला. ड्रिफील्ड, मिडल्टन सेंट जॉर्ज अशा ठिकाणच्या प्रगत उड्डाण शाळांमधून वैमानिकांच्या तुकड्यामागून तुकड्या बाहेर पडू लागल्या. त्यांत सक्तीच्या लष्करी सेवेत आलेली वीस वर्षांच्या आतबाहेरची मुलेही होती, आणि एका इंजिनावर उतरून दाखवल्याशिवाय कोणालाही पुढे जाता येत नसे.

आता तो सराव कसा चाले ते पाहू. धावपट्टीच्या समांतर मार्गावर प्रशिक्षक डावे इंजिन बंद करतो किंवा निष्क्रिय गतीवर आणतो. उजवे इंजिन एकटेच ढकलू लागते आणि नाक डावीकडे वळू पाहते. शिष्य उजवा पाय दाबून रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, धरून ठेवतो. रडरला यंत्राची मदत नव्हती, जे काही बळ लागे ते पायाचेच. चाके खाली येतात, फ्लॅप उघडतात, विमान शेवटच्या सरळ टप्प्यावर येते. इथवर बहुतेक सगळे ठीक असे. गोची होई ती अंदाज चुकल्यावर. विमान जरा खाली राहिले, वेग जरा कमी झाला, आणि शिष्याला वाटले की हे उतरणे सोडून पुन्हा एक फेरी मारावी. तो चालू इंजिनाचा थ्रॉटल पुढे ढकलतो. त्या काळचे जेट इंजिन पंख्याच्या इंजिनासारखे हाताबरोबर उत्तर देत नसे. काही सेकंद काहीच घडत नाही, म्हणून तो थ्रॉटल आणखी ढकलतो, आणि मग सगळा रेटा एकदम येतो. नाक डावीकडे फेकले जाते, उजवा पंख वेगाने पुढे जाऊन उचलला जातो, डावा पडतो, आणि विमान कुशीवर होत होत पालथे होते. उंची असते दोनतीनशे फूट.

यामागचे गणित शाळकरी मुलालाही समजेल असे आहे. रडरचे बळ वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. दीडशे नॉट वेगाला रडर जेवढे बळ देतो, त्याच्या ६४ टक्केच बळ तो एकशेवीस नॉटला देतो. इंजिनाचा रेटा मात्र वेग कमी झाला म्हणून तेवढ्या प्रमाणात कमी होत नाही. डरवेंट ५ जातीच्या इंजिनाचा रेटा सुमारे ३५०० पौंड होता, आणि तो धडापासून दूर अंतरावर लागत असल्यामुळे नाक वळवण्याची त्याची ताकद मोठी होती. म्हणजे एक वेग असा येतो की त्याखाली पूर्ण रडर देऊनही पूर्ण रेटा सांभाळता येत नाही. मीटिअरच्या बाबतीत हा वेग केवळ विमानावर अवलंबून नव्हता, वैमानिकाच्या पायात किती जोर आहे यावरही तो ठरत असे. माझ्या मते या सगळ्या प्रकरणाचे मूळ या एका वाक्यात आहे. पुस्तकात एक आकडा छापता येतो, पण पाय प्रत्येकाचा वेगळा असतो.

माझा या धाग्यापुरता मुद्दा असा की या अपघातांना 'वैमानिकाची चूक' हे नाव देणे अपुरे आहे. जी चूक करायला तीन सेकंद लागतात आणि जी केल्यावर सुटण्याचा एकही मार्ग नसतो, ती चूक नवशिक्याला रोज करण्याच्या जागी नेऊन उभे करणे हा अभ्यासक्रमाचा दोष होता. जाणकारांनी आपले मत अवश्य मांडावे.

लोहगावकर

लेख उत्तम उतरला आहे. मी निवृत्त वायुसैनिक आहे आणि माझी बरीच वर्षे कॅनबेरा विमानावर गेली, त्यांतली काही पुण्याच्या ३५ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमध्ये. मीटिअर मी उडवलेले नाही, पण कॅनबेरालाही पंखांत दोन इंजिने असतात आणि एका इंजिनावरचे उतरणे हे तिच्याही प्रशिक्षणातले सर्वांत धास्तीचे प्रकरण होते. आग्र्याला आमचे कन्व्हर्जन, म्हणजे नव्या विमानावरचे प्रशिक्षण, झाले तेव्हा प्रशिक्षकाने पहिल्या दिवशी जे सांगितले ते आजही कानात आहे. तो म्हणाला होता की, बाबांनो, ठरलेल्या उंचीच्या खाली आलात की विमान उतरणारच आहे. धावपट्टीवर उतरो, धावपट्टीच्या अलीकडे उतरो, नाहीतर शेतात उतरो, पण पंख सरळ ठेवून उतरवा. थ्रॉटलला हात लावून पुन्हा वर जायचा विचार करू नका. सरळ पंखांनी शेतात घुसलेल्या विमानातून माणसे चालत बाहेर येतात, पालथ्या विमानातून येत नाहीत.

पायाविषयी आपण लिहिले आहे ते शब्दशः खरे आहे. सरावाच्या तीनचार फेऱ्या झाल्या की मांडी दगडासारखी होत असे. पहिल्या दिवशी मी विमानातून उतरून जमिनीवर उभा राहिलो तर उजवा पाय आपोआप थरथरू लागला, आणि तो लपवण्यासाठी मी हेल्मेट त्या गुडघ्यावर दाबून धरले. क्रू रूममध्ये चहाचा कप घेऊन बसलो तरी टेबलाखाली तो पाय नाचतच होता. समोर बसलेल्या माझ्या सोबत्याचे लक्ष गेले आणि तो हसू लागला, तेव्हा मी वाकून पाहिले, तर त्याचाही पाय नाचत होता.

एक तांत्रिक भर घालतो. पंख चालू इंजिनाच्या बाजूला थोडासा, चारपाच अंशांइतका, झुकता ठेवला तर रडरवरचा भार बराच कमी होतो. हे आज प्रत्येक शिकाऊ वैमानिकाला शिकवतात. घाबरलेला माणूस नेमके याच्या उलट करतो.

आकडेमोड

लेख आवडला, परंतु एक शंका आहे. मीटिअरचे नुकसान म्हणून जे आकडे सांगितले जातात, ते सगळे एका इंजिनाच्या सरावाच्या खात्यावर टाकता येणार नाहीत. ब्रिटिश हवाई दलाने एकूण ८९० मीटिअर गमावली, त्यांतली १४५ एकट्या १९५३ या वर्षात, आणि ४५० वैमानिक मृत्युमुखी पडले, हे आकडे सर्वत्र दिलेले असतात. पण ब्रेक दुबळे होते, चाके दगा देत असत, इंधन तासाभरातच संपत असे आणि परतीची वेळ चुकलेले वैमानिक ढगांत अडकून पडत असत, हीदेखील कारणे होती. १८ जून १९५१ रोजी बिगिन हिलला एकाच दिवशी तीन मीटिअर पडली आणि तिघे वैमानिक गेले, त्याचा एका इंजिनाच्या सरावाशी काही संबंध नव्हता. सरावातले मृत्यू खऱ्या बिघाडातल्या मृत्यूंपेक्षा जास्त होते, हे विधान मला पटते, पण त्याचे कारण कदाचित साधे असेल : खरे बिघाड क्वचित होत आणि सराव रोज होत असे. दर हजार वेळांमागे किती मेले, हे पाहिल्याशिवाय सराव अधिक घातक होता असे कसे म्हणावे?

उत्तरायण

@आकडेमोड, आपली शंका रास्त आहे आणि आपण दिलेली इतर कारणे मी लेखातच द्यायला हवी होती. एक खरा बिघाड आणि एक सराव यांची तुलना केली तर खरा बिघाडच अधिक धोक्याचा ठरेल, याबद्दल माझे दुमत नाही.

तरीही माझा मुद्दा त्याने ढासळत नाही असे मला वाटते. लसीचेच उदाहरण घ्या. रोग विरळ आहे आणि लस सर्वांना टोचायची आहे, अशा वेळी लस रोगाहून सौम्य आहे एवढे पुरत नाही, तर ती रोगाहून कितीतरी पटींनी सौम्य असावी लागते. खरा बिघाड जेवढा विरळ, तेवढा त्याचा सराव निर्धोक असला पाहिजे. इथे सराव हुबेहूब असावा म्हणून इंजिन खरोखर बंद करण्याची पद्धत होती. निष्क्रिय गतीवर ठेवलेल्या इंजिनाकडून निदान काही सेकंदांनी मदत मिळू शकते, बंद केलेले इंजिन तीनशे फुटांवर पुन्हा पेटवता येत नाही. म्हणजे सराव आणि खरा बिघाड यांतला फरकच पुसून टाकला गेला होता.

पिंपळपान

आपल्याकडे मिग-२१ च्या अपघातांविषयी हेच बोलले जाई. मधल्या पायरीचे प्रशिक्षण विमान नव्हते, आणि हॉक विमाने येण्यासाठी २००८ उजाडावे लागले. त्याविषयीही लिहावे.

उत्तरायण

@पिंपळपान, मिगचा विषय फार मोठा आहे आणि तिथे एकच इंजिन असल्यामुळे या धाग्यातला प्रश्न तिथे उद्भवतच नाही. तो स्वतंत्र धाग्याचा विषय आहे. आपणच सुरू करावा, मी आवर्जून वाचेन.

जुनी_वही

एका इंजिनाचा विषय निघालाच आहे म्हणून थोडे सांगते. त्याच सुमारास आपल्याकडे प्राथमिक प्रशिक्षणासाठी एचटी-२ विमान तयार होत होते. त्याचे आरेखन डॉ. विष्णू माधव घाटगे यांनी केले, ते मूळचे कोल्हापूरकडचे. बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये बनलेल्या या विमानाचे पहिले उड्डाण ऑगस्ट १९५१ मध्ये झाले. त्याला आणि हार्वर्ड या प्रशिक्षण विमानाला शेपटीखाली चाक असे. अशा विमानाचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो, त्यामुळे उतरल्यावर नाक थोडे जरी वाकडे झाले तरी शेपूट पुढे येऊ पाहते आणि विमान जमिनीवरच गर्रकन फिरते. त्याला ग्राउंड लूप म्हणतात. यात पंखाचे टोक घासते, चाकाचा पाय मोडतो, शिष्याला बोलणी बसतात, पण माणूस बहुधा वाचतो. उतरतानाची चूक तीच, पायाचीच, पण तिची किंमत किती वेगळी! मीटिअरला पुढे नाकाखाली चाक होते, म्हणजे जमिनीवर ती कितीतरी शहाणी होती.

धागालेखकांना एक प्रश्न आहे. टी.७ च्या बाबतीत 'फँटम डाइव्ह' असा शब्द मी वाचला आहे. तो याच अपघाताचा दुसरा प्रकार आहे का?

उत्तरायण

@जुनी_वही, माहितीपूर्ण प्रतिसादासाठी आभार. घाटगे यांचा उल्लेख वाचून आनंद झाला.

फँटम डाइव्ह हा वेगळा प्रकार आहे, पण तोही धावपट्टीच्या फेरीतच घडत असे, आणि त्यात दोन्ही इंजिने व्यवस्थित चालू असत, म्हणून तो अधिकच चक्रावून टाकणारा होता. वैमानिक वेग कमी करण्यासाठी पंखांवरचे एअरब्रेक उघडतो आणि ते मिटण्याचे विसरून चाके खाली सोडतो. चाकांचे दोन पाय अगदी एकाच क्षणी खाली येत नाहीत, एक जरा आधी येतो, त्यामुळे नाक एका बाजूला सरकते. एरवी शेपटीने ते सावरले असते, परंतु एअरब्रेकमुळे विस्कटलेली हवा नेमकी शेपटीवर येत असते आणि टी.७ च्या लांब नाकामुळे तिची स्थिरता आधीच कमी झालेली असते. विमान एका कुशीवर जाऊन नाक खाली घालते आणि हजार फुटांवर सावरायला जागा उरत नाही. एअरब्रेक मिटल्याशिवाय चाके सोडायची नाहीत, एवढाच त्यावरचा नियम. तो नियम माहीत असूनही ३० मे १९८८ रोजी कोव्हेंट्रीच्या हवाई प्रदर्शनात जपून ठेवलेले एक टी.७ पडले आणि वैमानिक गेला. त्या अपघाताचा संबंध याच दोषाशी जोडला जातो.

एफ.८ ला पुढे नवी, मोठी आणि कोनदार शेपूट मिळाली, ती ग्लॉस्टर कंपनीच्याच ई.१/४४ या प्रायोगिक विमानावरून घेतलेली होती. टी.७ मात्र जुन्या गोल शेपटीवरच राहिली. पुढे थोड्या टी.७ विमानांना एफ.८ ची शेपूट बसवली गेली, त्यांना गमतीने 'साडेसात' म्हणत. ज्या विमानावर नवशिके शिकणार, त्यालाच जुनी शेपूट आणि फेकासनाचा अभाव, हा क्रम मला आजही उफराटा वाटतो.

लोहगावकर

@उत्तरायण, एका बाबतीत मी आपल्याशी सहमत नाही. आपण अभ्यासक्रमाला दोष देता, पण तो सराव अजिबात केला नसता तर खऱ्या बिघाडाच्या वेळी त्या मुलाने काय केले असते? मला एकदा खरोखर एका इंजिनावर उतरावे लागले. त्या वेळी हात आणि पाय आपापले काम करत होते आणि मी जणू बाजूला बसून पाहत होतो. ही सवय पुस्तकाने लागत नाही. आपल्या लसीच्या उदाहरणात लस घेऊ नका असे कोणी म्हणत नाही, हे मान्य, पण त्या काळी दुसरी लसच नव्हती. आज सिम्युलेटरमध्ये बसून पन्नास वेळा पालथे होता येते आणि नंतर जेवायला जाता येते. १९५१ मध्ये असे काही उपलब्ध नव्हते.

मला चूक वाटते ती वेगळीच. सराव धावपट्टीवर करण्याऐवजी आधी आठदहा हजार फुटांवर करून घ्यायला हवा होता. तिथे काल्पनिक जमीन ठरवायची, वेग हळूहळू कमी करत जायचे, आणि कोणत्या नॉटला आपला पाय हरतो हे प्रत्येकाने स्वतः पाहून ठेवायचे. तो आकडा पुस्तकातल्यापेक्षा जास्त निघाला तर आपला आकडा तोच. आम्ही असे करत होतो, आणि माझा आकडा माझ्या सोबत्यापेक्षा पाच नॉटने जास्त होता, कारण तो माझ्याहून चांगला चार इंच उंच होता.

उत्तरायण

@लोहगावकर साहेब, हे मान्य. सराव नको असे मला म्हणायचे नव्हते, पण माझ्या शब्दांतून तसा अर्थ निघतो, हे आपला प्रतिसाद वाचल्यावर लक्षात आले. उंचीवर आपला आकडा शोधण्याची पद्धत लेखात यायला हवी होती.

आभाळवेडी

मी सध्या व्यावसायिक परवान्याचे प्रशिक्षण घेत आहे आणि दोन इंजिनांच्या विमानावरचे माझे तास पुढच्या आठवड्यात सुरू होणार आहेत, म्हणून हा धागा दोनदा वाचला. आमचे विमान छोटे आहे, पंख्याची इंजिने आहेत आणि आमच्या प्रशिक्षक बाई जमिनीजवळ इंजिन कधीच पूर्ण बंद करत नाहीत, फक्त थ्रॉटल मागे घेतात. तरीही विचारते. लोहगावकर काका, माझी उंची पाच फूट एक इंच आहे. आपण उंचीविषयी जे लिहिले आहे, त्याचा संबंध जोराशी आहे की पायाच्या लांबीशी?

लोहगावकर

@आभाळवेडी, आधी लांबीशी, मग जोराशी. रडरचे पेडल शेवटपर्यंत दाबले तेव्हा तुझा गुडघा जवळजवळ सरळ झाला पाहिजे. गुडघा सरळ असेल तर भार हाडांवर येतो आणि तो बराच वेळ पेलता येतो. गुडघा वाकलेला असेल तर सगळा भार मांडीच्या स्नायूवर येतो आणि तो मिनिटाभरात थकतो. बुटका माणूस पेडल गाठण्यासाठी आसनात पुढे घसरतो, आणि मग पाठीला टेकण राहत नाही, त्यामुळे जोर असूनही तो लावता येत नाही. मी स्वतः पाठीमागे एक उशी घेत असे आणि त्यावरून माझी पुष्कळ थट्टा होत असे. तू थट्टेची पर्वा करू नकोस. विमान जमिनीवर उभे असतानाच, शक्य असेल तिथे पेडल जवळ घेऊन, नाहीतर पाठीशी उशी घेऊन, दोन्ही बाजूंचे पेडल शेवटपर्यंत दाबून बघ.

आभाळवेडी

काका, आज संध्याकाळी हँगरमध्ये जाऊन बघून आले. डावे पेडल शेवटपर्यंत जाते, उजवे दाबताना मात्र मी आसनावरून दोन बोटे पुढे सरकते. बाईंनी स्टोअरमधून एक जाड उशी काढून दिली आहे, तिच्यावर माझे नाव लिहून ठेवले आहे.